जाहिरातीचा शेजार

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं रिकामी जागा भरण्यात गेली. रायपूरच्या एका हिंदी दैनिकात मी जाहिरात विभागात होते. बातमीदारांना गावात मान होता, त्यांना लग्नाच्या पत्रिका यायच्या. आम्हाला फोन यायचे, तेही तक्रारीचे. पण त्यांनी कितीही आव आणला तरी पानावर आधी आम्ही बसायचो. पहिल्यांदा जाहिरातींच्या चौकटी पडायच्या, मग उरलेल्या जागेत जगाच्या घडामोडी मावायच्या. हे मी एकदा संपादकांना तोंडावर सांगितलं होतं आणि त्यानंतर ते बरेच दिवस माझ्याशी चहापुरतंच बोलत होते.

रोज दुपारनंतर पानाचा कागदी आराखडा टेबलावर यायचा. त्याला आम्ही डमी म्हणायचो. जी चौकट विकली गेली तिच्यावर पेन्सिलीने फुली मारायची आणि आत पार्टीचं नाव लिहायचं. ग्राहकाला आमच्या धंद्यात पार्टी म्हणतात, मग तो सायकल पंक्चरवाला का असेना. फुली नसलेली चौकट दिसली की आमचे मॅनेजर तिवारीजी चष्म्यावरून बघायचे. ती नजर ज्याने सोसली आहे त्याला रिकामी जागा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

याच तिवारीजींनी मला या धंद्यातली एकमेव शहाणपणाची गोष्ट शिकवली. पान छापायला जाण्याआधी जाहिरातवाल्याने उभं राहून प्रत्येक जाहिरातीच्या शेजारी काय छापलं आहे ते वाचायचं. "पहले पड़ोस देखो, फिर घर जाओ," असं ते म्हणायचे. भनपुरीत गॅसचा सिलिंडर फुटून दोन माणसं भाजल्याची बातमी आणि तिला चिकटून शेगडीच्या सेलची जाहिरात, असं पान मी स्वतः अडवलेलं आहे. बातमीदार ओरडला, छपाईवाला ओरडला, मी शेगडी उचलून शाळाप्रवेशाच्या बातमीपाशी नेऊन ठेवली. ज्यांच्या घरचं माणूस दवाखान्यात आहे त्यांनी सकाळी काय बघायचं, याचा विचार पानावर कोणीतरी करायला हवा. ते काम आमचं होतं, आणि त्याचा पगार वेगळा मिळत नव्हता.

मग राज्य वेगळं झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. दुकानांच्या पाट्यांवरचं 'म.प्र.' खरवडून तिथे 'छ.ग.' रंगवायची घाई उडाली. मंत्री आले, बंगले आले, आणि काही वर्षांत ज्याला त्याला वेबसाइट हवी झाली. उरला या कारखान्यांच्या भागात लोखंड वितळवणाऱ्यालाही आणि अभनपुरात बी-बियाणं विकणाऱ्यालाही. आमच्या दैनिकाची पानं तोवर दुसऱ्या शहरात बनून यायला लागली होती. शेजार बघायला टेबलच उरलं नाही, तेव्हा मी नोकरी सोडली आणि तात्यापाऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक मांडला. लहान लहान वेबसाइटींना जाहिराती लावून द्यायच्या, असा धंदा. भाची नेहा हिने मला हे शिकवलं. तिला माझं मराठी पूर्ण समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. "आत्या, आप बस कोड पेस्ट करो, बाकी मशीन समझ लेगी," असं ती म्हणाली होती. यंत्राला नेमकं काय समजतं हे शोधण्यातच माझा पुढचा सगळा काळ गेला.

नव्या वेबसाइटवर जाहिरात कशी येते ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की कोणीतरी साहेब कुठेतरी बसून ती निवडतो. तसा साहेब नसतो. जाहिराती पुरवणारी एक मोठी कंपनी असते. तिच्याकडे अर्ज करायचा, तिने साइट पाहून हो म्हटलं की ती काही ओळींचा मजकूर देते, त्याला कोड म्हणतात. तो आपल्या पानात चिकटवला की तिथे एक चौकट तयार होते. पहिले काही तास, कधी काही दिवस, चौकट कोरी राहते किंवा कुठल्याही साइटला चालेल असं काहीतरी दाखवते, कारण यंत्राने अजून पान वाचलेलं नसतं. गल्लीत नवीन भाडेकरू आला की पहिल्या दिवशी सगळे नुसतं हसतात. त्याच्या स्वयंपाकघरातून कसला वास येतो ते कळल्यावर कोणी लोणचं पाठवायचं आणि कोणी नाही ते ठरतं. तसंच हे. कंपनीचा वाचणारा प्रोग्राम येतो, पानाचं शीर्षक बघतो, कुठले शब्द पुन्हा पुन्हा आलेत ते बघतो, आणि पान कशाबद्दल आहे याचा अंदाज बांधतो. दुसरीकडे जाहिरातदारांनी आपापले विषय सांगून ठेवलेले असतात. मग पान उघडतं त्या क्षणी त्यांच्यात लिलाव होतो, आणि ज्याचा विषय जुळतो व जो जास्त देतो तो चौकटीत येऊन बसतो. थोडक्यात, तिवारीजींचं काम यंत्र करतं, फक्त उलट्या बाजूने. ते सारख्या विषयाची जाहिरात बातमीपासून लांब नेण्याचीही काळजी घ्यायचे. यंत्राला सारखं ते जवळ आणणं एवढंच येतं.

हे समजायला मला गिऱ्हाइकांनीच मदत केली. उरल्याचे एक रोलिंग मिलवाले होते. स्वतःच्या कारखान्याच्या साइटवर जाहिराती लावून द्या म्हणाले. मी समजावलं, तरी लावायला लावल्या. आठवड्यात फोन आला: "मैडम, मेरी वेबसाइट पर मेरे पड़ोसी का सरिया बिक रहा है." तेच होणार होतं. पान सळयांबद्दल, म्हणून जाहिरातही सळयांची, आणि सळया विकणारा दुसरा कोण, तर त्यांच्याच भिंतीपलीकडचा. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या साइटवर नुसते ट्रकचे फोटो. फोन नंबरसुद्धा फोटोत, ट्रकच्या मागे रंगवलेला. तिथे महिनाभर चौकट कोरीच. यंत्र वाचायला यायचं आणि वाचण्यासारखं काही नाही म्हणून परत जायचं. शेवटी मी त्यांना म्हटलं, दोन ओळी लिहा तरी. ते म्हणाले, "लिखना आता तो ट्रक क्यों चलाते?"

या सगळ्यांत ज्या एका पार्टीसाठी मी जिवाचं रान केलं, ती म्हणजे मधुभाऊंची साइट.

मधुभाऊ आमच्याच पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले. त्यांचे आजोबा विदर्भातून आलेले, माझे वडील रेल्वेच्या नोकरीने आलेले, म्हणून घरोबा. एका मोठ्या दवाखान्यात ते रक्त तपासायचं काम करत. आमच्या भागात सिकलसेल हा आजार बराच आहे. आईबापांकडून रक्तातच येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस वेदनेने तळमळतो. मधुभाऊंनी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून हे विळे पाहिले, चिठ्ठीवर निकाल लिहिला आणि चिठ्ठी खिडकीतून बाहेर दिली. पुढे त्या माणसाचं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही. निवृत्त झाल्यावर तेच त्यांना खायला लागलं. म्हणून त्यांनी हिंदीत साइट काढली. आजार म्हणजे काय, कोणत्या तपासण्या करायच्या, लग्नाआधी रक्त का पाहायचं, डॉक्टरांच्या गोळ्या का सोडायच्या नाहीत, सगळं साध्या शब्दांत.

एका सकाळी ते माझ्या खोलीत येऊन बसले.

"विद्या, मले जाहिरात लावाची हाय. पण मले जाहिरात आवडत नाई, हे आधीच सांगून ठेवतो."

"मंग काहून आले?"

"कुसुम म्हणते, पेन्शन घरात आण. साइटचं भाडं साइटनंच भरलं पाहिजे. नाई तर बंद कर म्हणते."

कुसुमताई म्हणजे त्यांची बायको. बोलणं मोजकं, पण बोलल्यावर त्यात बदल नाही. तेव्हा साइट इंटरनेटवर ठेवायचं वर्षाचं भाडं निघायचं तर जाहिरात हवी, एवढं त्या दिवशी ठरलं.

कोड चिकटवला. यंत्र येऊन वाचून गेलं. आणि चौकटीत आलं काय, तर परदेशी विद्यापीठांत प्रवेश. मग इंग्रजी शिकवणी. मग पुन्हा कोरी. रक्ताचं काही नाही, दवाखान्याचं नाही. मी दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी पानाच्या पोटात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मधुभाऊंनी साइट बनवून घेतली होती लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात. रायपुरात छपाईचं सगळं हिंदी तेव्हा एका जुन्या फॉन्टात टाइप होत असे. पडद्यावर 'रक्त' दिसायचं, पण आत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड असायची. फॉन्ट हा वरून चढवलेला मुखवटा. ज्याच्या संगणकावर तो नाही त्याला गिचमिडच दिसणार. म्हणून साइटवर वर ठळक लिहिलेलं होतं, 'पहले फ़ॉन्ट डाउनलोड करें'. यंत्र काही फॉन्ट डाउनलोड करत बसत नाही. त्याने ती इंग्रजी अक्षरं प्रामाणिकपणे वाचली आणि कोणातरी परदेशी विद्यार्थ्याचं पान समजून विद्यापीठं आणून ठेवली.

जुन्या फॉन्टातून नव्यात बदलून देणारी सोय मिळत होती. पण ती जोडाक्षरं खायची आणि कधी कधी आकडेही. लग्नपत्रिकेत मामाचं नाव चुकलं तर भांडण होतं आणि मिटतं. औषधाच्या पानावर आकडा इकडचा तिकडे झाला तर कोण निस्तरणार? मी म्हटलं, "मधुभाऊ, तुमी वाचा, मी नव्यानं टाइप करते. सगळं." दिवाळीनंतर बसलो ते होळी जवळ येईपर्यंत. ते वाचायचे, मध्येच थांबायचे, "हे वाक्य जड झालं, दुसरं घे" म्हणायचे, आणि पूर्ण पान नव्याने सांगायचे. माझी मान आखडली, त्यांचा आवाज बसला. कुसुमताई चहा ठेवून जायच्या.

आणि मग यंत्राला समजलं. चौकटीत रक्ततपासणीच्या लॅब आल्या, पाणी गाळायची यंत्रं आली. फॉन्टची अट गेल्यामुळे पानं मोबाइलवर उघडायला लागली आणि खेड्यांतून वाचणारे वाढले. मी मधुभाऊंना बजावलं होतं की आपणच आपल्या जाहिराती दाबायच्या नाहीत, कंपनी पकडते. तरी ते रोज माझ्याकडे येऊन नुसते बघायचे. मीही रोज संध्याकाळी तिवारीजींच्या शिस्तीने एकेक पान उघडून शेजार बघायचे. सगळं सभ्य होतं. मला अभिमान वाटत होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

उन्हाळा संपत आला तेव्हा मधुभाऊंना एका बाईचा फोन आला. साइटवर त्यांचा नंबर होता. दुलारी नाव, अभनपुरच्या बाजारात भाजी विकणारी. तिची मुलगी पिंकी, आठ-नऊ वर्षांची, सिकलसेलची. पोरगी दवाखान्यात होती आणि दुखण्याने ओरडत होती. मधुभाऊ मला म्हणाले, "चाल." आम्ही गेलो.

पिंकी सलाइन लावून झोपली होती. ओठ सुकलेले, पाय पोटाशी घेतलेले. दुलारी शेजारी जमिनीवर बसली होती. आम्हाला पाहून ती उठली आणि पिशवीतून एक बाटली काढून मधुभाऊंच्या हातात दिली. काढ्याची बाटली. वर छापलेलं होतं की सिकलसेल मुळापासून बरा, दुसरं कुठलंही औषध घेऊ नये.

"ये कहाँ से ली?" मधुभाऊंनी विचारलं.

"तुंहरे पन्ना म रहिस, भैया." तुमच्याच पानावर होतं, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने भावाचा मोबाइल काढून पान उघडून दाखवलं. "ऊपर आपका लिखा पढ़ा. बहुत अच्छा लिखा है. नीचे ये दवाई थी. मैं समझी आप ही दे रहे हो. तो मँगा ली और गोली बंद कर दी."

चौकटीच्या वर बारीक अक्षरांत 'विज्ञापन' लिहिलेलं होतं. ते तिने पाहिलं नव्हतं. तिने कशाला पाहावं? ज्याने वरचं लिहिलं त्यानेच खालचं लिहिलं असणार, असं सरळ मनाचा कोणीही समजेल. मी त्या मोबाइलकडे बघत उभी राहिले. माझ्या संगणकावर रोज संध्याकाळी जे सभ्य पान दिसत होतं, तेच हे पान होतं, आणि तिथे बाटली होती. वर्तमानपत्राची प्रत अभनपुरला गेली काय आणि उरल्याला गेली काय, एकच असते. इथे प्रत्येक वाचणाऱ्याची प्रत वेगळी. कोण, कुठून, कशावर बघतंय त्याप्रमाणे शेजार बदलतो. मला यंत्र लॅबच्या जोडीला साड्या आणि गुडघेदुखीचं तेल दाखवत होतं, कारण त्याला माझं वय कळलं होतं. दुलारीला बाटली दाखवत होतं, कारण तिने कितीतरी रात्री मोबाइलवर मुलीचं दुखणं शोधलं होतं. यंत्राला पान नीट वाचता यावं म्हणून आम्ही मान मोडेस्तोवर टाइप केलं होतं, आणि त्याने ते नीट वाचलं होतं. मला तिथेच रडू आलं. राग कोणावर काढावा तेच कळत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मधुभाऊ बाकावर बसले.

"आजच बंद करतो," ते म्हणाले. "कोड काढ, साइटही काढून टाक. खिडकीतून चिठ्ठी देत होतो तेच बरं होतं. कोणाले मारत तं नव्हतो."

"कोड काढते. साइट नाई काढत."

"काहून?"

"काहून म्हणजे? उद्या दुसरी दुलारी हेच शोधन, तवा तिले काय दिसन? तुमचं पान नसन, बाटली असन. बाटलीवाल्यानं कुठं दुकान बंद केलं?"

ते बाकावरून उठले. मग म्हणाले, "मंग भाडं कसं भरशीन?"

"ते माहं काम हाय."

तोंडाने बोलले खरी, पण कसं ते मला माहीत नव्हतं. घरी येऊन आधी सगळ्या पानांवरचा कोड बंद केला. मग त्या बाटलीवाल्याचं नाव कंपनीच्या नकारयादीत घातलं आणि एका पानावर कोड लावून नेहाला तिच्या मोबाइलवर बघायला सांगितलं. दोन दिवसांत तीच बाटली नव्या नावाने, नव्या लेबलाने हजर. तेही नाव घातलं, तिसरं आलं. तणासारखं ते, उपटावं तितकं उगवायचं. उपचारांच्या जाहिरातींचा अख्खा प्रकारच बंद करून पाहिला, तर चांगल्या लॅबही गेल्या आणि बाटली 'आरोग्य पेय' होऊन परत आली. तेव्हा मी ठरवलं की आजाराच्या आणि इलाजाच्या पानांवर जाहिरात नाही म्हणजे नाही. पण लोक वाचायचे तीच पानं. बाकी साइटवर होतं काय, तर मधुभाऊंचा फोटो.

पिंकी दवाखान्यात असेपर्यंत मी दुलारीकडे जात राहिले. तिला अपराध्यासारखं वाटू नये म्हणून जायचे, की मला वाटत होतं म्हणून, देव जाणे. ती मला प्रश्न विचारायची, आणि त्या प्रश्नांत रक्त कुठेच नसायचं. डॉक्टर म्हणतात पाणी खूप प्यायला हवं, तर शाळेत किती बाटल्या द्यायच्या? इतकं पाणी प्यायल्यावर लघवीला जायला गुरुजी वर्गातून सोडत नाहीत, त्यांना काय सांगू? पहाटे बाकीच्या मुली तलावावर आंघोळीला जातात, गार पाणी हिला चालेल का? थंडीत स्वेटर शाळेच्या रंगाचा नसला तर?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे ऐकता ऐकता माझ्यातली जुनी जाहिरातवाली जागी झाली. बातमी वाईट असली तर तिवारीजींच्या हाताखाली आम्ही शेगडी हलवायचो. इथे शेगडी हलत नाही, यंत्र ती परत आणून ठेवतं. मग बातमीच दुसरी लिहिली तर? ज्या पानावर पाण्याच्या बाटलीबद्दल लिहिलंय तिथे यंत्र पाण्याच्या बाटल्याच आणणार. स्वेटरचं पान असेल तर स्वेटर. आपल्याला शेजारी निवडता येत नाही, पण आपण कोणत्या गल्लीत घर बांधायचं ते तरी निवडता येतं.

मधुभाऊ आधी उसळले. "मी रक्ताची साइट काढली, स्वेटरची नाई."

"पोट्टीचं रक्त स्वेटरातच फिरते ना, मधुभाऊ? का बाहेर फिरते?"

ते उठले आणि लिहायला बसले. दुलारीच्या प्रत्येक प्रश्नाचं एक पान झालं. गुरुजींना काय सांगायचं त्याचं तर इतकं छान लिहिलं की एका शाळेच्या बाईंनी ते कागदावर काढून वर्गात लावल्याचं कळवलं. या 'रोजच्या' पानांवर कोड लावला आणि आजाराच्या पानांवर बंदच ठेवला. इलाजाच्या पानावर कोड गेला तरी पांढरी चौकट मात्र राहिली, कारण लग्नपत्रिकेच्या दुकानवाल्याने मांडणीच तशी केली होती. ती बुजवायची म्हणता म्हणता राहून गेली.

आता शेजार बघायचा प्रश्न होता, आणि तो माझ्या संगणकावर दिसणार नव्हता. मी दुलारीला विचारलं की दर सोमवारी बाजारातून आल्यावर मोबाइलवर पानं उघडून मला सांगशील का. "हव दीदी," ती म्हणाली, आणि खरंच फोन करायला लागली. "दीदी, आज कंबल आया है." "दीदी, बस्ता, स्कूल वाला." "दीदी, बोतल." मी घाईने विचारायचे. "कैसी बोतल?" "पानी वाली, दीदी. नीली." शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या कचेरीतून नेहा बघायची, उरल्याहून त्या रोलिंग मिलवाल्यांचा मुनीम बघायचा. गावागावांतल्या प्रती अशा दर आठवड्याला माझ्या टेबलावर यायला लागल्या. तिवारीजी असते तर चष्म्यावरून न बघता चष्मा काढून बघितलं असतं.

पिंकी घरी गेली, गोळ्या सुरू झाल्या, शाळाही सुरू झाली. तिचा डावा पाय अजून थोडा ओढतो. डॉक्टर म्हणतात की हा आजार हाडांना धरतोच, गोळ्या सुटल्यामुळेच झालं असं सांगता येत नाही. नाही म्हणूनही सांगता येत नाही. ती चालताना दिसली की मी पायाकडे बघायचं टाळते आणि बघतेच.

पुढच्या वर्षी साइटचं भाडं भरायची वेळ आली तेव्हा कांबळी आणि दप्तरांनी अर्ध्याहून थोडं जास्त जमलं होतं. मधुभाऊ माझ्या खोलीत पेपर वाचत बसले होते. तेवढ्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल, बोलणं मधाळ. एका आयुर्वेदिक कंपनीकडून आलोय म्हणाले. फाइल उघडली तर आत त्याच बाटलीचा फोटो, चौथ्या की पाचव्या नावाने.

"दीदी, आपकी साइट पर इलाज वाला पन्ना सबसे ज़्यादा पढ़ा जाता है. वहाँ एक जगह कब से खाली पड़ी है. हम सीधे आपसे लेंगे, बीच में कोई नहीं. पूरे साल का, एडवांस."

त्यांनी आकडा सांगितला. त्यात भाडं निघून मधुभाऊंना नवा संगणकही आला असता. मी मधुभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली घेतला. पानं त्यांची, जागा माझी, असं आमचं पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं. आणि इतकी वर्षं रिकामी चौकट विकण्यावर जगलेली बाई त्या माणसासमोर बसली होती.

"वो जगह बिक गई है," मी म्हटलं.

"किसको?"

"अभनपुर की एक पार्टी है."

"कब तक के लिए?"

"हमेशा के लिए."

ते हसले. "लेकिन दीदी, वहाँ तो कुछ दिखता नहीं."

"उनको ऐसी ही चाहिए."

त्यांनी फाइल मिटली, टेबलावर कार्ड ठेवलं आणि पुन्हा विचार करा म्हणून गेले. मधुभाऊंनी कार्ड उचललं, नाव वाचलं आणि माझ्याकडे दिलं. "हे बी घाल नकारयादीत," म्हणाले. भाड्याचं उरलेलं कुसुमताईंनी दिलं, "यंदा एकदाच" असं बजावून. ते एकदाच अजून चालू आहे.

तो दिवस सोमवार होता. संध्याकाळी दुलारीचा फोन आला. मागे पिंकी मोठ्याने पाढे म्हणत होती.

"दीदी, स्वेटर वाले पन्ने में स्वेटर है. स्कूल वाले में बस्ता."

"और इलाज वाले में?"

"कुछ नहीं है."

"ठीक से देखा ना?"

"हव दीदी. पूरा खाली है."

फोन ठेवला आणि मी खणातून एक कोरा कागद काढला. बऱ्याच वर्षांनी डमी आखली, इलाजाच्या पानाची. चौकट काढली, तिच्यावर पेन्सिलीने फुली मारली आणि आत पार्टीचं नाव लिहिलं. पिंकी.